गुळवेलीची ओळख

गुळवेलीची आठ संस्कृत नावे मला तोंडपाठ आहेत. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी, तंत्रिका, मधुपर्णी, कुंडली आणि चक्रलक्षणिका. मराठीच्या प्राध्यापकाला असल्या गोष्टी येतात आणि त्या येतात म्हणूनच चार माणसांत त्याचा थोडाबहुत मान राहतो. परंतु 2021 च्या जानेवारीत एका डॉक्टरांनी मला याच गुळवेलीविषयी तीन साधे प्रश्न विचारले आणि त्यांपैकी एकाचेही धड उत्तर मला देता आले नाही. ते प्रश्न कोणते, ते का विचारावे लागले आणि त्यांची उत्तरे शोधत मी मावळात कसा जाऊन पोहोचलो, याची ही हकीकत आहे. हल्ली घरोघरी कुणी ना कुणी काढा घेणारे असतेच. तेव्हा ती सांगितल्याने झाला तर कुणाचा फायदाच होईल.

त्याचे असे झाले. 2020 साल कसे गेले ते कुणाला नव्याने सांगायला नको. दाराला आतून कडी, तोंडाला पट्टी आणि शेगडीवर सदा सर्वकाळ कसले ना कसले आधण, असे ते दिवस होते. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस यांनी आमचे स्वयंपाकघर दरवळून गेले होते. आमच्याकडे माझी आत्या असते. तेव्हा तिचे वय 67. थायरॉइडची एक गोळी ती कित्येक वर्षे घेत आली होती. ती सोडली तर प्रकृती खणखणीत. गुळवेलीने अंगात प्रतिकारशक्ती येते असे तिला कुणीसे सांगितले, आणि मग तिने माझ्यामागे टुमणे लावले.

"अरे, बाटलीतल्या गोळ्यांवर माझा विश्वास नाही. ओली वेल आण. तुझे एवढे विद्यार्थी मावळातले, कुणाच्या तरी बांधावर असेलच की!"

आत्याचा शब्द आमच्या घरी कुणी मोडत नाही. दसऱ्याच्या सुमारास मी कामशेतजवळच्या एका माजी विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो. त्याने बांधावरच्या झाडावर चढलेली एक वेल दाखवली, कोयत्याने हातभर लांबीचे आठ-दहा तुकडे काढून दिले आणि मी ते पिशवीत घालून विजयी मुद्रेने घरी आलो. येताना गाडीत मी सौ.ला अमृताच्या थेंबांची कथासुद्धा ऐकवली. रावणवधानंतर इंद्राने अमृत शिंपडून रामाच्या सैन्यातले मेलेले वानर उठवले. त्यांच्या अंगावरून ओघळून ते अमृताचे थेंब जिथे जिथे जमिनीवर पडले, तिथे तिथे गुळवेल उगवली, असे भावप्रकाशात सांगितले आहे. कथा रंगली, पण पिशवीतली वेल गुळवेलच आहे ना, हे मी स्वतः पाहिले होते का? नव्हते. त्या क्षणी तसा प्रश्नच माझ्या मनात आला नाही.

एक तुकडा सौ.ने गॅलरीतल्या कुंडीत खोवला. बाकीचे आत्याच्या काढ्याला गेले, आणि ते संपल्यावर मी आणखी आणून दिले. पहिला महिना ती सकाळी एक कप घेई. अंगात हुशारी वाटते म्हणून पुढे संध्याकाळचाही कप सुरू झाला. डिसेंबरच्या अखेरीस तिला जेवण नकोसे होऊ लागले. संक्रांतीच्या आधी दोन दिवस तिच्या हातचा तिळगूळ घेताना सौ.चे लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

रक्ताचा अहवाल पाहून पोटविकाराच्या डॉक्टरांनी यकृताला सूज असल्याचे सांगितले. नेहमीच्या काविळीच्या तपासण्या करून झाल्या. त्यांत काही सापडले नाही. मग त्यांनी घरात काय काय औषध चालू आहे ते विचारले. आत्याने मोठ्या अभिमानाने काढ्याचे नाव सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे वळून विचारले, "कोणती वेल होती ती? रोज किती आणि किती दिवस दिलीत? आणि यांना ती कशासाठी दिलीत?"

आठ नावे पाठ असलेला मी मान खाली घालून बसलो.

काढा त्याच दिवशी बंद झाला. पुढचे अडीच महिने तपासण्या, औषधे आणि पथ्य यांत गेले. होळीच्या सुमारास आत्याचे आकडे ठिकाणावर आले आणि तिने पुरणपोळीसाठी भांडण केले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

त्याच वर्षी मुंबईतील काही डॉक्टरांनी अशाच सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. साथीच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यावर आयुष मंत्रालयाने खुलासा केला. गुळवेल शतकानुशतके वापरात आहे. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची, चुकून घेतली गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. पुढे 2022 साली देशातल्या 13 रुग्णालयांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेल घेऊ लागल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत साधारण दीड महिना जातो, असे त्यात आढळले. त्यांतल्या अनेकांना थायरॉइड, मधुमेह किंवा यकृताचे जुने दुखणे आधीपासून होते. गुळवेल शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवते; ज्यांची ती शक्ती मुळातच आपल्याच शरीरावर उलटण्याच्या बेतात असते, त्यांच्या बाबतीत हे चेतवणे यकृतावर शेकू शकते, असा या डॉक्टरांचा विचार आहे.

खरे सांगायचे तर मंत्रालयाचा खुलासा वाचून मला बरे वाटले. वेलच चुकीची होती असे ठरले, तर दोष वेलीचा. फार तर माझ्या विद्यार्थ्याचा. माझा नव्हे. काढ्याचा एक वाळका तुकडा फडताळात राहिला होता. तो कागदात गुंडाळून 2021 च्या दिवाळीनंतर मी मावळात निघालो. तुकडा कुणातरी जाणत्या माणसाला दाखवायचा आणि एकदाचे मोकळे व्हायचे, एवढाच माझा हेतू होता.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना तळेगाव मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी या मुलखाची खोरी. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे वडगाव-तळेगावला येईपर्यंत तो कितीतरी उणावतो. त्यामुळे अवघ्या काही मैलांत झाडझाडोरा बदलत जातो. माथ्यावरच्या दाट रानापेक्षा गुळवेलीला डोंगरपायथ्याची मोकळी झुडपे, शेताचे बांध आणि गावकुसाची झाडे अधिक मानवतात. मळवली स्टेशनावर उतरून भाजे लेण्यांच्या वाटेने चालू लागले की दोन्ही बाजूंना असाच झाडोरा लागतो आणि समोर लोहगड आणि विसापूर उभे असतात.

माझ्या विद्यार्थ्याने एका ठाकर आजींशी गाठ घालून दिली. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. मी नमस्कार करून आणण्याचे कारण सांगितले. त्यांनी माझा वाळका तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला, आडवा मोडून पाहिला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, "ही गुळवेलच हाये की मास्तर. कोन म्हनतं न्हाई म्हनून?"

माझी सगळी आशा त्या एका वाक्यात मावळली. तरी मी धीर करून विचारले, "पण आजी, तुम्ही इतक्या खात्रीने कसे सांगता?"

"चला, दावते," म्हणून त्या पुढे निघाल्या.

पुढच्या दोन तासांत जे पाहिले ते वाचकांसाठी नीट सांगतो. बांधावरच्या एका आंब्यावर गुळवेल चढलेली होती. तिची साल कागदासारखी पातळ, मातकट करड्या रंगाची, आणि तिच्यावर बारीक पुळ्यांसारखे ठिपके. आजींनी नखाने ती साल सोलली, तर खाली हिरवागार, रसदार गाभा. वरून लांब, सुतळीसारखे दोर सरळ खाली लोंबत होते. त्या वेलीच्या हवेत सुटलेल्या मुळ्या. 'तंत्रिका' म्हणजे दोरीवाली! इतकी वर्षे पाठ असलेल्या नावाचा अर्थ माझ्या डोळ्यांपुढे वाऱ्यावर हलत होता. मग त्यांनी अंगठ्याएवढी जाड वेल आडवी छाटून तिचा काप माझ्यासमोर धरला. मधून कडेकडे जाणारे लाकडाचे आरे असे स्वच्छ दिसत होते की बैलगाडीचे चाकच. हीच ती चक्रलक्षणिका. शेजारीच बांधलेली एक कालवड लोंबते शेंडे ओरबाडत होती, आणि 'वत्सादनी', म्हणजे वासरे जिला खातात ती, हे नाव मला कुणी समजावून द्यावे लागले नाही. कवींनी शोभेसाठी ठेवलेली म्हणून जी नावे मी शिकवीत आलो, ती वस्तुतः रानात हिंडणाऱ्या माणसांनी करून ठेवलेल्या खुणा होत्या. 'गुळवेल' या नावाने मात्र फसू नये. त्याचा गुळाशी संबंध नाही. 'गुडूची'तल्या 'ड'चा 'ळ' झाला एवढेच. चवीला ती कडू जहर आहे.

पान हृदयाच्या आकाराचे, देठ चांगला लांब, आणि पानाची दोन्ही अंगे गुळगुळीत. परंतु नुसत्या हृदयाकार पानावर भिस्त ठेवणारा माणूस हमखास फसतो. कारण मावळच्या रानात अशी पाने अनेकींची. आजींनी एकेक दाखवली. कडूकरांद्याचे पानही तसेच, पण त्याच्या ठळक शिरा देठापासून निघून कमानीसारख्या वळत टोकाकडे जातात आणि पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखे लहान कंद लोंबतात. तो कच्चा खाल्ला तर अपाय करतो. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला नसून कमळाच्या पानासारखा आतल्या बाजूला चिकटलेला असतो. गुळवेलीची एक सख्खी बहीण इथल्या रानात आहे, तिच्या पानाची पाठ मऊ लवेची, हात फिरवला की मखमल लागते. शहरातले लोक तर गुळवेल म्हणून मनी प्लँटकडे बोट दाखवतात हे मी सांगितले, तेव्हा आजींना मनी प्लँट म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटे गेली आणि नंतर त्या मनसोक्त हसल्या. नावाचाही एक घोटाळा ध्यानात ठेवावा. गुळवेलीला 'अमृतवेल' म्हणतात; 'अमरवेल' ही निराळी. ती बिनपानांची, पिवळ्या दोऱ्यांसारखी, दुसऱ्या झाडांचा रस शोषून जगणारी वेल होय.

आणि मंत्रालयाने सांगितलेली ती क्रिस्पा? तिची ओळख मंत्रालयाच्याच पत्रकात दिलेली आहे. तिचे खोड करडे आणि त्यावर मोठाले फोड, तोडल्यावर दुधासारखा चीक, फुलाला 3 पाकळ्या, फळे लांबट नारिंगी. आपल्या गुळवेलीचे खोड हिरवे, चीक नाही, फुलाला 6 पाकळ्या, फळे वाटोळी, लाल, वाटाण्याएवढी. मात्र ही फुले-फळे बारा महिने भेटत नाहीत. 2022 च्या चैत्रात मी पुन्हा गेलो, तेव्हा वेलीवर एक पान नव्हते आणि त्या उघड्या दोरांवर बारीक पिवळट फुलांचे तुरे लागले होते. नरफुलांची वेल निराळी आणि मादीफुलांची निराळी, हेही तेव्हाच कळले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाऊ यांनी याच घाटमाथ्यावर वर्षानुवर्षे हिंडून खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ सिद्ध केला. तो 1953 साली प्रसिद्ध झाला. एवढ्या टापूसाठी एवढा काळ कशाला, असे मला पूर्वी वाटे. एकच वेल दोन ऋतूंत दोन रूपांनी पाहिल्यावर त्याचे उत्तर मिळाले.

परत येताना आजी एका दगडावर टेकल्या आणि त्यांनी आपण होऊन तो विषय काढला.

"म्हातारीला किती दिस दिली म्हनलास?"

"अडीच महिने. शेवटी दिवसातून दोनदा."

"ताप येत व्हता?"

"नाही."

"अंग मोडून आलं व्हतं?"

"नाही, आजी. तिला काहीच होत नव्हते."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "मग कशापायी दिली?"

डॉक्टरांचा तिसरा प्रश्न, शब्दाला शब्द! शिकलेल्या डॉक्टरांनी दवाखान्यात विचारला तोच प्रश्न, कधी शाळेत न गेलेल्या बाईने लोहगडाच्या पायथ्याशी विचारला, आणि याही खेपेस मला उत्तर सुचले नाही. "पुढे काही होऊ नये म्हणून," मी पुटपुटलो.

"आमी तीन दिस देतो," आजी म्हणाल्या. "ताप उतरला का वेल सोडायची. कडू वस्तू हाये ती. भाकरीवानी रोज खायची न्हाई."

घरी येऊन मी सरकारी कागद पुन्हा काढून पाहिले. 2020 च्या ऑक्टोबरात आयुष मंत्रालयाने करोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली, तीत गुळवेलीच्या घनवटीचे प्रमाण 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 15 दिवस किंवा एक महिना, किंवा वैद्याच्या सल्ल्याने, असे दिले होते. म्हणजे ज्या कागदाच्या भरवशावर घरोघर गुळवेल शिजली, त्यातही दिवस मोजून दिलेले होते. ते आम्ही वाचले नाहीत. आम्ही फक्त नाव उचलले. आयुर्वेदाचेही तेच. चरकाने बुद्धिवर्धक रसायनांत गुडूचीचा रस सांगितला आहे, शार्ङ्गधराने ती नेहमी ओलीच वापरावी असे म्हटले आहे. परंतु रोगी कोण, त्याची प्रकृती कशी, ऋतू कोणता हे पाहिल्यावाचून औषध द्यावे असे कुठल्याच ग्रंथाने म्हटलेले नाही. आठ नावे पाठ करणाऱ्याने एवढे एक वाक्य पाठ केले असते तर आत्याचे दुखणे वाचले असते.

आता वेल तोडण्याविषयी. यातही ओळख लागतेच. 'छिन्नरुहा' म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. आजींनी बुंध्याशी कापलेली एक जुनी वेल दाखवली. जमिनीशी तिचा संबंध तुटला होता. पण झाडावर राहिलेल्या भागाने वरूनच दोर सोडले होते आणि त्यांतला एक मातीला टेकून मूळ धरीत होता. आमच्या गॅलरीतला तुकडाही याच गुणाने जगला. मात्र या चिवटपणाचा गैरफायदा घ्यायचा नाही, अशी रीत आहे. अंगठ्याएवढी जाड झालेली वेल तेवढी घ्यायची, करंगळीएवढी राहू द्यायची. मूळ उपटायचे नाही. घेतल्यावर उरलेली टोके झाडाच्या बेचक्यात पुन्हा अडकवून ठेवायची. एका झाडावरची सगळी वेल ओढून काढायची नाही. आणि देवराईत कोयता न्यायचाच नाही, तिथली वेल कितीही जाड असली तरी. सह्याद्रीतल्या या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केला आणि 1976 साली प्रसिद्ध केला. गावच्या श्रद्धेने राखलेल्या या तुकड्यांत जुने रान कसे टिकून राहिले आहे, ते त्यांनी जगापुढे मांडले. गुळवेलीसारखी चिवट वेल कदाचित कुठेही जगेल. पण ती ज्या झाडावर चढते ते झाडच गेले तर तिने चढावे कुठे?

व्यापाराची गोष्ट आली म्हणजे प्रमाण बदलते. 2021 साली ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी मंडळींच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून 350 टन गुळवेलीची मागणी आली. तिची किंमत 1 कोटी 57 लाख रुपये, असे सरकारने जाहीर केले. हिशेब केला तर किलोला 45 रुपयांच्या आसपास पडतात. रानातल्या माणसाच्या हाती थेट पैसा गेला ही आनंदाची गोष्ट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्याचा हक्कही मान्य केला आहे. परंतु 350 टन हा आकडा वाचताना मला आजींचा कोयता आठवतो, जो करंगळीएवढी वेल वगळून चाले. मागणी वाढली की करंगळी आणि अंगठा यांतला फरक पाहायला कुणाला सवड राहत नाही. म्हणून मोठ्या मागणीसाठी बांधाबांधांवर लावलेली गुळवेलच हवी. तुकडा खोवला की ती येते. यापेक्षा सोपी शेती नाही.

जाता जाता गुळवेलीचे सत्त्व कसे काढतात तेही सांगतो, कारण ते पाहण्यासारखे असते. ओली जाड वेल घेऊन वरची कागदी साल काढायची, तुकडे ठेचायचे आणि रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी हाताने कुस्करून चोथा गाळून टाकायचा आणि पाणी न हलवता ठेवून द्यायचे. काही तासांनी तळाशी पांढरा गाळ बसतो. वरचे पाणी हलकेच ओतून तो वाळवला की पिठासारखी पांढरी पूड राहते. ते गुळवेलसत्त्व. आजींच्या अंगणात पाटीभर वेलीतून जेमतेम मूठभर पूड निघालेली मी पाहिली. एवढ्या खटाटोपाची वस्तू माणूस आपोआपच चिमटीने वापरतो. बाटलीतली गोळी बिनकष्टाची. तिला ही आपोआप लागणारी मर्यादा नसते.

इतके सगळे सांगितल्यावर वाचक विचारतील, की मग गुळवेल घ्यावी की घेऊ नये? हे सांगण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे. पण डॉक्टरांचे तीन प्रश्न मी जवळ ठेवले आहेत आणि ते प्रत्येक घराच्या उपयोगी पडतील. कोणती? वेल स्वतः ओळखता येत नसेल, किंवा ओळखणाऱ्याने हाती दिलेली नसेल, तर ती घेऊ नये. किती? मात्रा आणि दिवस वैद्याकडून मोजून घ्यावेत आणि दिवस संपले की थांबावे. कुणाला? थायरॉइड, संधिवात किंवा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटणारा कुठलाही विकार असलेल्याने, यकृताचे दुखणे असलेल्याने, आणि गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून तिला हात लावू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यानेही विचारावे, कारण गुळवेलीने रक्तातली साखर उतरू शकते. आणि काढा चालू असताना अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे आणि काढ्याची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये. आत्याने ती अभिमानाने का होईना सांगितली, म्हणून निदान लवकर झाले.

आमच्या गॅलरीतली वेल आता गजावरून वरच्या मजल्यापर्यंत गेली आहे. ती काढून टाकावी असे सौ.चे मत होते. पण आत्याने साफ नकार दिला. "तिने माझे काय वाईट केले? केले ते तुम्ही आणि मी मिळून," असे ती म्हणते आणि रोज सकाळी तिला पाणी घालते.

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या शेजारच्या काकूंनी त्या वेलीकडे पाहिले आणि एक तुकडा मागितला. आत्याने चकलीची ताटली खाली ठेवली.

"कुणाला हवी?" तिने विचारले.

"आमच्या ह्यांना. सहज आपली, शक्तीसाठी."

"त्यांना होतेय काय?"

"होत काही नाही हो. पण चांगली असते म्हणतात ना!"

"मग कुंडीत लावायला देते," आत्या म्हणाली. "पाने सुंदर दिसतात. काढ्याचे मात्र आधी डॉक्टरांना विचारून ये, आणि ते किती दिवस म्हणतात ते कागदावर लिहून आण." एवढे बोलून तिने कात्री मागवली, अंगठ्याएवढ्या जाड वेलीचा वीतभर तुकडा कापला आणि उरलेले टोक गजात नीट अडकवून ठेवले.